तामलवाडीचा वसंत आणि पाण्याचा हिशेब

सोलापूरहून तुळजापूरकडे जाणारा महामार्ग फाल्गुन-चैत्रात प्रवाशाला एकाच शिवारात दोन हंगाम दाखवतो. बांधाच्या अलीकडे ज्वारी निघालेले, धसकटांनी भरलेले आणि भेगाळू लागलेले काळे रान असते, तर पलीकडे ठिबकच्या नळ्यांलगत कलिंगडाची कोवळी रोपे दोन पानांवर उभी असतात. शेतकऱ्याचे वर्ष एका तुकड्यावर संपत आलेले असते आणि त्याच्याच दुसऱ्या तुकड्यावर ते सुरू होत असते. धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यात, सोलापूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर वसलेले तामलवाडी हे गाव या दुहेरी ऋतूच्या निरीक्षणाला सोयीचे आहे; कारण केवळ पावसावर पिकणारी कोरडवाहू शेती आणि विहीर-बोअरच्या पाण्यावर चालणारी बागायत या दोन्ही पद्धती इथे शेजारी शेजारी नांदतात आणि बहुतेक कुटुंबे दोन्हींत पाय रोवून असतात.

या मार्गावर सोलापूर मागे पडताच आदिला नदीवर बांधलेला एकरूख तलाव लागतो. १८७१ मध्ये पूर्ण झालेल्या आणि लोकांच्या तोंडी हिप्परगा तलाव या नावाने रुळलेल्या या जलाशयाचा काठ फाल्गुनात आत सरकू लागतो आणि उघड्या पडलेल्या गाळावर कुठे कुठे हिरवळ दिसते. उळे गाव ओलांडल्यानंतर जिल्ह्याची हद्द बदलते. ही हद्द आज केवळ प्रशासकीय असली, तरी १९४८ पर्यंत ती मुंबई इलाख्यातील सोलापूर जिल्हा आणि निजामाचे हैदराबाद संस्थान यांच्यामधील सीमा होती आणि संस्थानात जाणाऱ्या-येणाऱ्या मालावर करोडगिरी, म्हणजे जकात, वसूल केली जात असे. १७ सप्टेंबर १९४८ नंतर संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि २०२३ मध्ये उस्मानाबाद हे जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. मात्र या सर्व स्थित्यंतरांत तामलवाडीच्या शेतमालाची वाट बदलली नाही. जिल्ह्याचे कामकाज धाराशिवला असले, तरी भाजीपाल्याचा टेम्पो आजही प्रामुख्याने सोलापूरच्या बाजार समितीकडे वळतो, आणि चौपदरी रस्त्यावरील टोलनाका हीच आता गावाची बाहेरच्या जगाला असलेली ओळख झाली आहे.

या भागाची जमीन दख्खनच्या काळ्या पाषाणापासून, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांपासून, तयार झाली आहे. ओढ्याकाठी ती खोल आणि काळी आहे. तिला ‘भारी रान’ म्हणतात. माळाच्या चढावर ती हात-दीड हातावरच मुरमाला लागते; तिला ‘हलके रान’ म्हणतात. पाषाणाच्या भेगांत आणि कुजलेल्या थरांत जेवढे पाणी मुरते तेवढेच विहिरीला मिळते, आणि कठीण खडकात साठा करण्याची जागाच थोडी असल्यामुळे सातशे मिलिमीटरच्या आसपास असलेला सरासरी पाऊस पुरेसा पडला तरी मार्चनंतर पाण्याची पातळी झपाट्याने उतरते. शिवारातले पाणी सीना आणि भीमेच्या दिशेने वाहून जाते. तालुक्याच्या उत्तरेला उठणारी बालाघाटची रांग ओलांडली की पलीकडचे पाणी तेरणा-मांजरामार्गे गोदावरीला मिळते. दोन महानद्यांच्या खोऱ्यांमधील अशा उंच प्रदेशात बाराही महिने वाहणारी मोठी नदी हाताशी नसल्यामुळे वसंतातील प्रत्येक लागवड ही मुळात विहिरीच्या तळाकडे पाहून घेतलेला निर्णय ठरते.

हा निर्णय घेण्याची रीत जुनी आणि काटेकोर आहे. विहिरीत किती परस पाणी आहे (परस म्हणजे साधारण पुरुषभर खोलीचे माप), मोटर सलग किती वेळ चालते, उपसा थांबल्यावर तेवढेच पाणी किती तासांत पुन्हा भरते आणि मागच्या वर्षी बोअरने कोणत्या महिन्यात ‘गुळण्या टाकल्या’, म्हणजे पाण्याबरोबर हवा फेकायला सुरुवात केली, या चार गोष्टींवरून मृग नक्षत्रापर्यंत किती गुंठे भिजतील याचा अंदाज बांधला जातो. त्याला कोणी जलअंदाजपत्रक म्हणत नाही, पण त्याचे स्वरूप तेच आहे. सोलापूरच्या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत उघड्या पाण्याचे बाष्पीभवन दिवसाला १० मिलिमीटरच्या पुढे जाते. एका एकरावर १० मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४०,००० लिटर होते, हे लक्षात घेतले की पाटाने पाणी देण्याची पद्धत मागे पडून ठिबक का आले, प्लास्टिकचे मल्चिंग पेपर वाफ्यांवर का अंथरले जातात आणि शेततळ्याच्या तळाशी जाड कागद का घालावा लागतो, हे वेगळे सांगावे लागत नाही.

कोरडवाहू वर्षाची अखेर रब्बी ज्वारीच्या काढणीने होते. मार्गशीर्षाच्या अमावस्येला, म्हणजे लातूर, धाराशिव आणि सोलापूर भागात ‘येळवस’ म्हणून साजऱ्या होणाऱ्या वेळा अमावस्येला, उभ्या पिकात कडब्याची कोप घालून भज्जी आणि अंबील यांचा नैवेद्य दाखवलेला असतो. तेच पीक पुढे हुरड्यावर येते आणि माघाच्या उत्तरार्धापासून काढणीला लागते. इथे ज्वारी बहुधा मुळासकट उपटली जाते. काळ्या जमिनीला भेगा पडल्या की मुळांची पकड सैल होते, तरीही एका दिवसाच्या उपटणीने तळहात सोलून निघतात, आणि म्हणूनच या कामाला माणूस मिळणे दरवर्षी अवघड होत चालले आहे. उपटलेल्या ताटांच्या पेंढ्या बांधतात, कणसे खुडून मळणीयंत्राकडे जातात आणि उरलेला कडबा शेकड्याच्या भावाने विकला जातो किंवा गोठ्याशेजारी गंज रचून ठेवला जातो. बुटक्या संकरित ज्वारीपेक्षा मोहोळच्या संशोधन केंद्रातून पुढे आलेली मालदांडी ३५-१ ही उंच जात शेतकऱ्यांनी इतकी वर्षे टिकवून धरली, याचे एक कारण तिची भाकरी आणि दुसरे तिचा कडबा आहे. धान्याला भाव नसला तरी कडब्याला गिऱ्हाईक असते, हे इथले साधे अर्थशास्त्र आहे. उपटताना तुटून रानात मागे राहिलेली धसकटे, म्हणजे मुळांशी राहिलेले टणक बुडखे, बाया वेचून चुलीसाठी ढीग करतात, आणि मगच ट्रॅक्टरचा नांगर लागतो. नांगरटीची ढेकळे वैशाखाच्या उन्हात तापली की तणांची बियाणी आणि किडींचे कोष मरतात. त्यामुळे उघडे पडलेले रान रिकामे दिसले तरी मशागतीच्या दृष्टीने ते कामात असते.

बागायतीत याच सुमारास सर्वांत नाजूक काम सुरू होते ते द्राक्षाच्या खरड छाटणीचे. समशीतोष्ण देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळून विश्रांती घेते आणि वर्षातून एकदाच छाटली जाते. महाराष्ट्राच्या उष्ण हवेत ती कधीच पूर्णपणे झोपत नाही, म्हणून तिला वर्षातून दोनदा छाटून एकदाच फळ घेण्याची पद्धत रूढ झाली. ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या छाटणीला फळछाटणी किंवा गोडी छाटणी म्हणतात आणि एप्रिलमध्ये होणाऱ्या छाटणीला खरड छाटणी. घड उतरल्यावर बागेला काही दिवस विश्रांती दिली जाते, बोदालगत (बोद म्हणजे वेलींच्या ओळीखालचा मातीचा उंचवटा) चारी घेऊन शेणखत भरले जाते, आणि मग मांडवावर आडव्या नेलेल्या फांद्यांवरील, म्हणजे ओलांड्यांवरील, जुन्या काड्या एक डोळा राखून खरडून काढल्या जातात. दोन दिवसांपूर्वी दाट सावलीचा असलेला मांडव छाटणीनंतर तारा आणि अँगलचा उघडा सांगाडा होतो, आणि बागेबाहेरून आलेल्या माणसाला ती जळालेली वाटावी अशी तिची दशा असते.

परंतु पुढच्या वर्षाचे पीक याच उघड्या मांडवावर ठरते. छाटणीनंतर आठवड्याभरात डोळे फुगतात, फुटवे निघतात, त्यांची विरळणी होते, काही पानांवर शेंडा मारून बगलफूट वाढवली जाते (तिला बागायतदार ‘सबकेन’ म्हणतात), आणि साधारण चाळीस ते सत्तर दिवसांच्या काळात काडीवरील प्रत्येक डोळ्याच्या आत पुढे घड निघणार की नुसती बाळी, म्हणजे वेलाला आधार देणारा तणावा, हे निश्चित होते. या काळात कडक ऊन लागते, नत्र आवरते घ्यावे लागते आणि पाणी मोजून द्यावे लागते. पाणी जास्त झाले तर वेल माजते, फार कमी पडले तर काडी बारीक राहते. आणि दोन्ही चुकांचे परिणाम त्या उन्हाळ्यात न दिसता पुढच्या नोव्हेंबरात, फळछाटणीनंतर, घडांच्या संख्येत उमटतात. एप्रिलमधील पाण्याचा निर्णय पुढील फेब्रुवारीच्या उत्पन्नाला बांधलेला असल्यामुळे द्राक्षबागायतदार पाण्याच्या बाबतीत गावातला सर्वांत धास्तावलेला माणूस असतो. क्षारांना आणि पाणीटंचाईला तोंड देण्यासाठी आता डॉगरीजसारख्या रानटी खुंटावर कलम केले जाते. नव्या बागेत हा खुंट फेब्रुवारी-मार्चमध्ये लावतात आणि पावसाळा सरताना त्यावर हव्या त्या जातीचे कलम भरतात. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथे नानासाहेब काळे यांनी निवडलेली ‘सोनाका’ ही लांब मण्यांची जात याच परिसराची देणगी आहे. ज्या बागेचा माल जागेवरच्या सौद्यात उचलला जात नाही, त्या बागेचा बेदाणा होतो: घड डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांच्या थरांवर पंधरवडाभर सुकवतात, आणि साधारण चार किलो द्राक्षांतून एक किलो बेदाणा हाती येतो.

ज्यांच्याकडे द्राक्षाइतके भांडवल नाही, ते वसंतात थोड्या दिवसांच्या पिकांकडे वळतात. कलिंगड, खरबूज, काकडी, उन्हाळी भुईमूग, गवार आणि भेंडी ही त्यांची नेहमीची निवड असते. कलिंगडाचे रोप आता घरी बी टोकून करण्याऐवजी रोपवाटिकेतून, कोकोपीट भरलेल्या ट्रेमधून, आणले जाते आणि लागवडीपासून सत्तर दिवसांच्या आसपास फळ तोडणीला येते. रमजानच्या महिन्यात मागणी वाढत असल्यामुळे लागवडीची तारीख पंचांगातील चंद्रदर्शनावरून मागे मोजत ठरवली जाते; आणि हा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकत असल्याने काही वर्षांपूर्वी भर उन्हाळ्यात येणारी मागणी आता थंडीच्या शेवटी येऊ लागली आहे. हिंदू महिन्यांवर चालणारी सुगी आणि हिजरी महिन्यांवर चालणारा कलिंगडाचा बाजार एकाच शेतकऱ्याच्या वहीत शेजारी शेजारी नोंदलेले असतात.

दिवसाच्या कामाची वेळ मात्र सूर्याइतकीच विजेवर ठरते. शेतीपंपांना दिवसातून साधारण आठ तास थ्री-फेज पुरवठा मिळतो आणि तो ठरावीक दिवसांनी आळीपाळीने दिवसा किंवा रात्री असतो; गावकरी याला सरळ ‘दिवसाची लाईट’ आणि ‘रात्रीची लाईट’ म्हणतात. रात्रीच्या पाळीत बॅटरी आणि काठी घेऊन कॉक बदलायला जाणे हा पुरुषांच्या उन्हाळ्याचा ठरलेला भाग होता. मोबाईलवरून चालणाऱ्या स्टार्टरने मोटर चालू-बंद करण्याचा फेरा वाचवला, पण फुटलेली नळी किंवा उंदराने कुरतडलेली लॅटरल मोबाईलवर दिसत नाही. सौर कृषिपंप वाढू लागल्यापासून पाणी उजेडात देता येऊ लागले आहे, आणि त्याचबरोबर ऊन असेतोवर उपसा चालू ठेवण्याचा मोहही आला आहे.

या सगळ्या हिशेबात सहसा न धरला जाणारा, पण घराच्या जेवणाला थेट भिडणारा भाग म्हणजे बायांचे माळवं. या भागात भाजीपाल्याला माळवं म्हणतात. न्हाणीचे पाणी जिथे वाहते तिथे, विहिरीच्या थारोळ्यापाशी किंवा द्राक्षबागेच्या कडेच्या सरीत ते घेतले जाते. फाल्गुनात तिथे आळी केली जातात: वीतभर खोल खड्डा, त्यात कुजलेले शेण आणि चुलीची राख, त्यावर माती आणि मध्ये दोन-तीन बिया. दोडका, कारले, दुधी आणि काशीभोपळा यांचे वेल वाळलेल्या तुरीच्या तुराट्यांवर किंवा जुन्या ठिबकच्या नळ्या ताणून केलेल्या मांडवावर चढवतात. वाफ्यांत चुका, शेपू, कोथिंबीर, राजगिरा आणि अंबाडी टाकतात. बी बहुधा घरचेच असते. वेलावर मुद्दाम पिकू दिलेल्या पहिल्या चांगल्या दोडक्याचे वाळलेले जाळीदार फळ आढ्याला टांगलेले असते, त्याचे टोक मोडून उलटे झटकले की काळे बी परातीत खडखडत पडते. त्यातले पोचट पाखडून टाकले जाते आणि उरलेले राखेत मिसळून गाडग्यात जाते. पाने खाणाऱ्या किडीवर सकाळच्या दवात हीच राख भुरभुरली जाते.

या छोट्या शेतीला जिल्ह्यात एक संघटित इतिहासही आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागातील पुनर्वसनात स्त्रियांचे गट उभे राहिले आणि प्रेमा गोपालन यांनी स्थापन केलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने पुढे त्याच बळावर ‘एक एकर’ शेतीची पद्धत रुजवली. कुटुंबाच्या जमिनीपैकी साधारण एक एकरावरील निर्णय बाईच्या हाती द्यावा, तिने तिथे नगदी पिकाऐवजी धान्य, कडधान्य आणि भाजीपाला मिळून अनेक पिके कमी पाण्यात घ्यावीत, आधी घर भागवावे आणि मग उरलेले विकावे, असे या पद्धतीचे स्वरूप आहे. संस्थेच्या कामाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. दुष्काळात द्राक्ष जगवण्यासाठी कर्ज काढणाऱ्या घरात ताटातली भाजी मात्र या एकरातून येत राहते, हा अनुभव या पद्धतीचा सर्वांत सोपा युक्तिवाद ठरला.

घराच्या अंगणातही वसंताचे हे दिवस कामाचे असतात. दुपारी ओट्यावर चिंच फोडण्याचे काम रोजाने चालते आणि तिचा माल बार्शीच्या बाजाराकडे जातो. खाटेवर जुनी साडी पसरून कुरडया, शेवया आणि ज्वारीचे पापड वाळत घातले जातात. वर्षभराचे काळे तिखट कांडले जाते आणि धान्य-डाळी भाजून येसर केला जातो, ज्याची आमटी पाहुण्यांच्या पंगतीला लागते. ओल्या भाजीचे दिवस संपतील तेव्हा हे वाळवण कामी येते, म्हणून माळव्याच्या लागवडीइतकीच ही तयारीही उन्हाळ्याच्या हिशेबाचा भाग मानली पाहिजे.

गुढीपाडव्याला या सर्व हालचालींना व्यवहाराची मुदत मिळते. सालगडी, म्हणजे एका शेतकऱ्याकडे वर्षाच्या बोलीने राहणारा मजूर, याचे साल पाडव्याला भरते आणि नवे साल त्याच दिवसापासून धरले जाते. पूर्वी या बोलीत रोख रकमेबरोबर धान्य आणि कपडे असत. आता ती बहुतांशी रोखीत होते आणि तिच्यातला मोठा भाग उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, म्हणून आधीच दिला-घेतला जातो. पाण्याचा अंदाज वाईट असेल त्या वर्षी मालक सालगडी न ठेवता छाटणी-खुडणीची कामे उक्ती, म्हणजे एकत्रित ठेक्याने, टोळ्यांना देतो, आणि सोलापूर जवळ असल्यामुळे तरुण मजूरही शेतापेक्षा शहरातील रोजंदारी पसंत करतो. पाडव्याच्या सकाळी कडुनिंबाचा कोवळा मोहोर आणि साखरेची गाठी वाटून झाल्यावर होणारी ही बोलणी त्या घराने आपल्या विहिरीविषयी काय ठरवले आहे, हे गावाला आपोआप कळवून टाकतात.

आभाळाचा विश्वास मात्र या ऋतूतही धरता येत नाही. २०१४ च्या फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये महाराष्ट्रभर झालेल्या गारपिटीने काढणीला आलेली ज्वारी आणि द्राक्षे एकदमच झोडपली होती. त्याच्या पुढच्या दोन वर्षांत पाऊस इतका उणा झाला की एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि मराठवाड्यात अनेकांनी टँकरचे पाणी विकत घेऊन बागा जगवल्या. काहींनी बागा तोडल्या, तर काहींनी आणखी खोल बोअर घेतले.

खोल बोअरचा हा मार्गच वसंतातील हिशेबाचे मर्म उघड करतो. प्रत्येक घर आपल्या विहिरीचे पाणी मोजते, पण खडकातील भेगांना बांध नसतात. शेजाऱ्याने खाली गाठलेला झरा हा बहुधा आपल्याच विहिरीचा झरा असतो. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ हा कायदा शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई करतो, तरी प्रत्यक्षात बोअरची खोली कायद्यापेक्षा शेतकऱ्याच्या ऐपतीवर ठरते. उजनी धरणाचे पाणी तुळजापूर तालुक्यापर्यंत आणू पाहणारी कृष्णा-मराठवाडा योजना आणि सोलापूर-तुळजापूर-धाराशिव हा सुमारे ८४ किलोमीटरचा नवा रेल्वेमार्ग यांतून या पट्ट्याला पाणी आणि बाजार दोन्ही अधिक मिळतील. परंतु पाणी वाढले की बागेचे क्षेत्रही त्याच्या पुढे धावते, हे द्राक्षपट्ट्यांनी यापूर्वी दाखवून दिले आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने सिंचनासाठी बोअर बंद करून आणि पावसाळ्यानंतर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली, ती याच अडचणीवरचा उपाय म्हणून. तामलवाडीसारख्या गावात अशा ताळेबंदाला लागणारे आकडे नव्याने गोळा करावे लागणार नाहीत, कारण परस, मोटरीचे तास आणि भरण्याचा वेळ हे सारे घरोघरी आधीच तोंडपाठ आहे. त्या आकड्यांची बेरीज पाडव्याच्या बोलणीआधी एकत्र बसून करता आली, तर एप्रिलमध्ये कोणाची बाग किती छाटायची याचा निर्णय सर्वांत खोल बोअर असलेल्या एका माणसाच्या हाती राहणार नाही.